नव्या धरणाच्या तळाचं पाणी: प्रकल्प नोंदी

१४ जून

आजपासून नोंदी लिहायला सुरुवात करतेय. धरणाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांनी आम्हाला आत सोडलं त्यांना उगाच त्रास नको. कोल्हापूरच्या पश्चिमेला गगनबावड्याच्या बाजूच्या डोंगरात आहे, मे महिन्यात घळभरणी उरकली म्हणजे बांधातली नदीसाठी ठेवलेली शेवटची फट बुजवली, पायथ्याला छोटं वीजगृह आहे, आणि या पावसाळ्यात पहिल्यांदा पाणी अडणार. पहिल्या वर्षी पूर्ण भरणार नाहीत, नवीन मातीच्या बांधावर एकदम लोड द्यायचा नसतो म्हणून साधारण निम्म्या उंचीपर्यंतच साठा.

आम्ही तिघं आहोत. मी, आमचे सर आणि एमएस्सीचा एक ज्युनिअर. काम एवढंच की धरण पहिल्यांदा भरताना पाण्याचं नेमकं काय होतं ते वरपासून तळापर्यंत मोजायचं. वरपासून तळापर्यंत हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण बहुतेक वेळा काठावर उभं राहून बाटली बुडवतात आणि तोच धरणाचा नमुना म्हणून लॅबला जातो.

आज बुडीत क्षेत्र चालून बघितलं, सहा तास. झाडं तोडून नेलीत, म्हणजे ज्याला किंमत येते ते सगळं गेलंय, खोडं ट्रकात भरून गेली. पण फांद्या, पाला, कारवी, करवंदाच्या जाळ्या, गुडघाभर वाळलं गवत सगळं आहे तिथंच आहे. खाली भाताची खाचरं, त्यात मागच्या हंगामाचं धाट. उठून गेलेल्या वाडीतले पडके गोठे, शेणाचे उकिरडे, दोन-तीन संडासच्या टाक्या. एका गोठ्यात तर वैरणीची गंजी तशीच उभी होती. हे सगळं महिन्या-दीड महिन्यात पाण्याखाली जाणार, आणि मग तिथले जंतू ते खायला लागणार, खाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढणार. मला आज चालताना सारखं तेच डोक्यात होतं.

१९ जून

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या गच्चीवर तीन निळी बॅरल मांडली, दोनशे लिटरची. तिन्हीत तळाला बुडीत क्षेत्रातनं आणलेली तांबडी जांभ्याची माती, एकसारखी, तीन-तीन घमेली. पहिल्यात फक्त माती. दुसऱ्यात मातीवर दोन किलो गवत आणि पाला, वर दगड ठेवून दाबला. तिसऱ्यात मातीवर तेवढ्याच वजनाचे लाकडाचे ओंडके, तेही दगडाखाली. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू दिलं आणि मग भरलं, नाहीतर क्लोरीनने जंतूच मेले असते. वर झाकणं, म्हणजे उजेड नको आणि शेवाळ नको.

सरांचं म्हणणं असं की लोक झाडं तोडली म्हणजे बुडीत क्षेत्र साफ झालं समजतात, तर खरंच खोडाने पाणी जास्त खराब होतं की पाल्याने, ते आधी आपल्या डोळ्यानं बघू.

२५ जून

सहा दिवस झाले. डीओ म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, सुरुवातीला तिन्हीत लिटरला ७.१ मिलिग्रॅम. तिसऱ्या दिवशी नुसत्या मातीच्या बॅरलमध्ये ६.०, ओंडक्यांच्या ५.२, आणि गवताच्या ०.९. काल गवताच्या बॅरलमध्ये शून्य.

एवढा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. लाकडात लिग्निन असतं, ते कुजायला वर्षं लागतात, पाण्याखाली ऑक्सिजन नसला तर दशकं लागतात. गवतात, पाल्यात साखर-स्टार्च-प्रथिनं असतात ती दोन दिवसात पाण्यात उतरतात आणि जंतूंना ताटात वाढल्यासारखी मिळतात. म्हणजे बुडीत क्षेत्रातनं आपण नेलं ते हळू कुजणारं, आणि ठेवलं ते सगळ्यात आधी कुजणारं.

आईने विचारलं हे किती दिवस चालणार, वास खाली जिन्यापर्यंत यायला लागलाय. अजून दोन आठवडे म्हटलं.

९ जुलै

पाऊस. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलंय, गगनबावडा रोड बंद. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीजवळ पाणी, सगळे मोबाईलवर तेच बघत बसलेत. धरणावर जाता येत नाही याची चुटपुट लागली, कारण भरायचे हेच दिवस आहेत आणि ते परत येणार नाहीत.

गवताच्या बॅरलवर चकचकीत तवंग आलाय, इंद्रधनुष्यासारखा, डिझेल सांडल्यासारखा दिसतो. काडीनं डिवचला तर काचेसारखे तुकडे झाले आणि ते परत जोडले गेले नाहीत. म्हणजे तेल नाही, लोखंड खाणाऱ्या जंतूंची साय आहे. तेल असतं तर काडी काढल्यावर परत मिळून आलं असतं. जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, ऑक्सिजन संपला की जंतू ऑक्सिजनऐवजी त्या गंजातलं लोह वापरतात आणि लोह विरघळून पाण्यात येतं, वर हवेला लागलं की परत गंजतं. सगळं त्या एका बॅरलमध्ये दिसतंय.

२८ जुलै

अखेर पोचलो. पाणी अडलंय, बांधाजवळ २१ मीटर. होडी नाही, पण पलीकडच्या वाडीतल्या मामांकडे काहील आहे, गुळाची जुनी काहील, पुरात त्यातनंच माणसं ये-जा करतात. मामा म्हणाले, "ताई, गुऱ्हाळ बंद झालं तसं हिनं शंभर माणसं तरी वलांडली असतील, तुमचं बाटल्यांचं काय ओझं." लाईफ जॅकेट घालून दोघंच बसलो, मी आणि मामा, सर बांधावर दोरी धरून.

पाणी लालभडक. सेच्ची डिस्क, म्हणजे काळी-पांढरी वीस सेंटिमीटरची तबकडी दोरीला बांधून सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली मोजायची, २२ सेंटिमीटरला गायब. डीओ मात्र वर ७.२ आणि तळाला ५.८, चांगलाच. वरनं नवीन गार पाणी सारखं येतंय, ते ऑक्सिजन घेऊनच येतं.

एक बघण्यासारखी गोष्ट, नदी जिथं साठ्यात शिरते तिथं पाण्यावर एक रेषा दिसते, अलीकडे लाल, पलीकडे जरा हिरवट, आणि त्या रेषेवर फेस, काटक्या, चपला, बाटल्या अडकून बसल्यात. नदीचं पाणी २२.५ अंश आणि शिवाय गाळाने जड, साठ्याचं २४.८, म्हणून लाल पाणी तिथं बुडी मारून तळातनं बांधाकडे जातं. मामा पन्नास वर्षं नदीवर आहेत, ते म्हणाले नदी हितनं खाली जाते, मला वाटलं बोलायची पद्धत, पण अक्षरशः खाली जात होती.

६ सप्टेंबर

पाऊस कमी. साठा ठरवलेल्या पातळीला आला, बांधाजवळ २८ मीटर. सेच्ची ९० सेंटिमीटर. तळाला डीओ ३.१. उतरायला लागला.

गच्चीवरची बॅरलं रिकामी केली. गवताच्या बॅरलची माती काळी पडली होती, लाल मातीच वापरली होती हे ज्युनिअरला दोनदा सांगावं लागलं.

१० ऑक्टोबर

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

ऑक्टोबर हीट, वारा नाही, पाणी आरशासारखं. काठावर दोन पोरं पोहत होती. वरनं बघितलं तर पाणी निवळशंख, सेच्ची दोन मीटर. तापमान वर २८.४, पाच मीटरला २७.६, दहाला २५.१, पंधराला २३.६, वीसच्या खाली २३.२. म्हणजे पाच ते दहा मीटरच्या मध्ये अडीच अंशांची पायरी आहे. ऐकायला अडीच अंश काही वाटत नाही, पण गरम पाण्यात एका अंशाने घनतेत पडणारा फरक थंड पाण्यातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, २८ वरनं २७ ला येताना जेवढा फरक पडतो तो १० वरनं ९ ला येताना पडतो त्याच्या तिपटीहून जास्त. म्हणून आपल्याकडे एवढ्याशा फरकाने पण वरचं पाणी आणि खालचं पाणी दोन वेगळी होतात, तेल-पाण्यासारखी, मिसळतच नाहीत. वरच्याला हवा लागते, खालच्याला नाही, आणि खाली तर सगळं गवत, पाला, शेण.

डीओ विंकलर पद्धतीनेच केला, मीटरवर माझा तळाच्या पाण्यात भरवसा नाही. बाटलीत मॅंगेनीज सल्फेट टाकायचं, मग अल्कली-आयोडाईड-ॲझाईड, बूच लावून हलवायचं. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका ऑक्सिजन तितका गडद. वरची बाटली चहासारखी तपकिरी. पाच मीटरची पण तपकिरी. आठ मीटरची फिकट, बिस्किटासारखी. दहा मीटरची जवळजवळ पांढरी. पंधराची पांढरीशुभ्र, वीसची पांढरीशुभ्र, पंचविसाची पण. काहिलीत माझ्या मांडीवर बाटल्यांची रांग आणि त्यातल्या तीन दुधासारख्या पांढऱ्या, मी मामांना दाखवल्या, सांगितलं हिथं मासा जगणार नाही, हिथं ऑक्सिजन नाहीच. मामा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले "वरनं तर कसलं निवळ हाय बघा की."

आकडे: वर ७.४, पाच मीटर ६.१, आठला ३.०, दहाला ०.८, त्याखाली काही नाही. आज एकूण २८ मीटर खोली, म्हणजे बांधाजवळ दोन तृतीयांश पाणी श्वास नसलेलं आहे. तळाच्या नमुन्याला कुजक्या अंड्याचा वास, लेड ॲसिटेटचा कागद धरला तर काळा, हायड्रोजन सल्फाईड.

तळाच्या पाण्याची एक जादा बाटली ॲसिड न टाकता अर्धी भरून मुद्दाम ठेवली होती. निघताना पाणी काचेसारखं स्वच्छ. कळ्यात चहाला थांबलो तेव्हा किंचित पिवळट. बालिंग्याच्या पुलावर आलो तेव्हा गढूळ. रंकाळ्यापाशी सिग्नलला बघितली तर तळाला तांबडा साका बसायला लागलेला. लोह विरघळलेलं असताना दिसत नाही, हवा लागली की दिसतं. तपासणीच्या बाटल्यांत नायट्रिक ॲसिड टाकून ठेवलंय, नाहीतर लोह-मॅंगेनीज बाटलीच्या भिंतीला बसून जातं आणि रिपोर्टमध्ये कमी येतं.

१३ ऑक्टोबर

एका खाजगी लॅबमध्ये जुलैपासून नमुने देतोय, त्यांच्याकडनं रिपोर्ट यायला तीन-तीन आठवडे लागतात, आणि आज कळलं की सप्टेंबरच्या तळाच्या नमुन्याचा डीओ त्यांनी ४.९ दिलाय. आम्ही जागेवर ३.१ काढला होता. बाटली कोल्हापूरपर्यंत हेलकावत आली, बूच उघडून ओतली, हवा मिसळली, आणि मग मोजलं, तर काय येणार. डीओ हा जागेवरच फिक्स करायचा असतो, काहिलीतच, दोन्ही रसायनं टाकून. यापुढे डीओ लॅबला द्यायचा नाही, हे ठरलं. मला या गोष्टीचा राग आला खरा, कारण तो कागद उद्या कुणीतरी फाईलला लावेल आणि सगळं ठीक आहे म्हणेल.

२० ऑक्टोबर

धरणाच्या खालच्या पहिल्या गावात गेलो. जॅकवेल म्हणजे पाणी उपसायची विहीर नदीत, पाणी धरणाच्या खालच्या विमोचकातनं, म्हणजे पाणी सोडायच्या दारातनं सुटलेलं. फिल्टर नाही, टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात आणि सोडतात. गावाचं पाणी बघणारे जलसुरक्षक दादा भेटले, चांगला माणूस, वही व्यवस्थित ठेवतात. त्यांची तक्रार अशी की दसऱ्यापासून टीसीएल दुप्पट टाकतोय तरी ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का बघायच्या चाचणीला, शेवटच्या नळाला पिवळा रंग येत नाही, आणि तालुक्याचे साहेब म्हणतात तुम्ही पावडर टाकतच नाही.

मी त्यांच्यासमोर हिशेब करून दाखवला. पाण्यातलं एक मिलिग्रॅम लोह साधारण ०.६४ मिलिग्रॅम क्लोरीन खातं, एक मिलिग्रॅम मॅंगेनीज १.३, आणि हायड्रोजन सल्फाईड तर त्याच्याहून कितीतरी जास्त. जंतू मारायला उरणार काय? पावडर टाकली जातेय, ती तळाच्या पाण्यात खर्च होतेय. दादांचा चेहरा बघायला पाहिजे होता, दोन आठवडे बोलणी खात होते ते. सरांनी लेटरहेडवर लिहून दिलं.

एका घरी काकूंनी धुतलेलं पांढरं धोतर दाखवलं, त्यावर काळपट डाग. लोहाचा डाग तांबूस असतो, काळा मॅंगेनीजचा. पिण्याच्या पाण्यात मॅंगेनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. इथला नमुना ॲसिड टाकून घेतला.

गावातली अजून एक शंका, वीजगृहातनं मशीनचं तेल सुटतंय, कारण धरणाखालच्या पाझरावर तवंग येतो. गेलो, काडी घातली, तुकडे झाले. लोखंडाचे जंतू. चार-पाच जणांनी स्वतः काडी घालून बघितली, मग पटलं.

१२ नोव्हेंबर

सकाळी सहाला मामांचा फोन, "ताई, खाली नदीत मासं वर तोंड काढून बसल्यात, पोरं हातानं धरत्यात." काल वीजगृहाची चाचणी सुरू झाली.

साडेआठला पोचलो. वीजगृहाच्या तोंडाशी डीओ १.४, एक किलोमीटर खाली १.९. टर्बाईनला पाणी देणारा दरवाजा खोल आहे, आजच्या पातळीपासून १६ मीटर, म्हणजे तो सरळ त्या पांढऱ्या बाटल्यांच्या थरातनं पाणी ओढतो. टर्बाईनमधनं पाणी बंद पाईपातनं येतं आणि पाण्याखालीच बाहेर पडतं, त्याला वाटेत हवा लागतच नाही. वर धरण भरलेलं, स्वच्छ, आणि खाली नदीत वासाचं पाणी. काठावर उभं राहिलं तरी वास येत होता. एक आजी नाकाला पदर लावून धुणं धूत होत्या.

असं जगात आधी झालंय आणि खूप मोठ्या प्रमाणात झालंय. दक्षिण अमेरिकेत सुरिनाममध्ये ब्रोकोपोंडो धरण १९६४ ला जंगल न तोडता भरलं, तिथं हायड्रोजन सल्फाईड एवढा की कामगारांना दोन वर्षं मास्क लावून काम करावं लागलं आणि त्या आम्लधर्मी पाण्याने यंत्रांचे भाग खाऊन टाकले. शेजारच्या फ्रेंच गियानात पेती सो धरण १९९४ ला भरायला घेतलं, त्यांनी धरणाखाली नदीत खास एक बंधारा बांधला, पाणी त्याच्यावरनं पडून त्याला हवा लागावी म्हणून. आपलं धरण त्यांच्यापुढं एवढंसं आहे, पण तळाला घडतंय तेच.

१५ नोव्हेंबर

वीजगृहाचे साहेब तयार झाले, मला वाटलं नव्हतं. विनंती अशी होती की टर्बाईन चालू असताना शेजारचा नदी-विमोचकाचा व्हॉल्व्ह पण थोडा उघडा, कारण त्यातनं पाणी फवारा होऊन हवेतनं खाली पडतं. अर्धा तास नुसतं टर्बाईन, अर्धा तास दोन्ही.

नुसतं टर्बाईन: १.४. दोन्ही मिळून, दोनशे मीटर खाली पुलाजवळ: ५.१.

साहेबांचं म्हणणं पण खरं आहे, व्हॉल्व्हमधनं जेवढे क्युसेक जातील तेवढी वीज गेली, आणि वरनं रोज विचारणा होते की आज किती युनिट. मी म्हटलं दिवसभर नको, पहाटे चार ते आठ ठेवा, रात्रभर नदीतल्या वनस्पती पण ऑक्सिजन वापरतात, सकाळी सगळ्यात कमी असतो, मासे तेव्हाच मरतात. जानेवारीपर्यंतच. ते म्हणाले बघतो. त्यांनी आणखी एक सांगितलं की काही टर्बाईनमध्ये बाहेर पडणाऱ्या पाईपाला हवेची नळी देता येते, फिरताना तिथं पोकळी होते आणि हवा आपोआप ओढली जाते. इथल्या मशीनला ती सोय आहे का हे कंपनीला विचारणार आहेत.

(नंतरची भर) सतरा तारखेपासून पहाटे व्हॉल्व्ह उघडायला लागले. मामांनी कळवलं, मासे वर येत नाहीत.

२९ नोव्हेंबर

सहा किलोमीटर खालच्या केटी, म्हणजे कोल्हापूर टाईप बंधाऱ्यावर. बरगे म्हणजे अडवायच्या फळ्या घालून झालेत, पाणी वरनं सांडतंय. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला डीओ ३.६, खाली पडल्यावर ६.४. हे बंधारे आपल्या जिल्ह्याच्या नावाने ओळखले जातात, पाणी अडवायला बांधलेले, पण फूट-दीड फुटाच्या त्या पडण्याने ते नदीला श्वास पण देतात हे मी आजवर कधी मोजून बघितलं नव्हतं. खालच्या दगडांवर तांबडा लेप, लोह इथं येऊन बसतंय.

म्हणजे खरा त्रास धरण ते बंधारा या सहा किलोमीटरमधल्या गावांना. त्यातली जॅकवेल तीन.

२३ डिसेंबर

थंडी. पहाटे तापमान बारा अंशांच्या खाली गेलं म्हणतात. वरचं पाणी २३.०, तळाचं २२.८. पायरी जवळपास मोडली. डीओ वर पण ३.८ आणि तळाला १.१. वरचं पाणी गार होऊन जड झालं, खाली गेलं, आणि खालचं लोह-सल्फाईडवालं पाणी वर आलं, त्याने वरचा पण ऑक्सिजन खाल्ला. पाण्याचा रंग चहासारखा झालाय. साठ्यातलेच मासे काठाला येऊन तोंड उघडतायत. वर्षातला सगळ्यात नाजूक आठवडा हाच असणार, आणि नेमकं या आठवड्यात काठावर फिरायला आलेल्या माणसांना वाटेल धरणात कुणीतरी काहीतरी सोडलंय. सोडलं कुणी नाही, आपण जे तळाला ठेवलं तेच वर आलंय.

मामा बांबूने तळ ढवळत होते तर बुडबुडे आले. उलटी नरसाळी बाटलीला लावून पाण्यात धरली, वीस मिनिटात अर्धी भरली. काठावर येऊन काडी लावली, निळी ज्योत. मिथेन. गोबर गॅसच आहे हा, फक्त घुमट नाही.

१९ जानेवारी

वर २१.९, तळाला २१.६. डीओ वर ६.६, तळाला ५.२. अख्खं धरण एकजीव झालंय, सगळ्याला हवा लागली. वास गेला. जलसुरक्षक दादांचा फोन, ओटी पिवळी आली, पहिल्याच डोसला.

आता लोकांना वाटेल प्रश्न संपला. मार्चमध्ये ऊन वाढलं की परत थर होणार.

२६ मार्च

थर झाला. दहा मीटरच्या खाली डीओ २.२, ऑक्टोबरइतका वाईट नाही, पण उतरतोय.

यावेळी गाव तयार होतं. टाकीच्या तोंडाशी पाईप सरळ आत सोडण्याऐवजी विटा आणि शहाबादी फरशीच्या पाच पायऱ्या बांधल्या, पाणी एकेक पायरी उतरत टाकीत पडतं, मध्ये एका छोट्या हौदात साका बसतो. पायऱ्यांच्या वर डीओ २.६, खाली ६.१, वास जातो, लोह हौदात बसतं, टीसीएल निम्म्यावर आली. मॅंगेनीज मात्र नुसत्या हवेने बसत नाही, त्याला वेळ लागतो नाहीतर वाळूचा फिल्टर लागतो, हे मी ग्रामपंचायतीत स्पष्ट सांगितलं. काकूंच्या धोतरावरचे डाग अजून पडतायत. फिल्टरचा प्रस्ताव गेलाय.

१७ मे

पाणी खाली गेलंय, साठ्याच्या कडेने उघड्या पडलेल्या जमिनीवर ओलीवर गवत आलंय, कंबरेएवढं, हिरवंगार. बघून पोटात गोळा आला. मागच्या वर्षीचं कुजून बऱ्यापैकी संपलंय, जगभरातल्या नव्या धरणांचा अनुभव असाच आहे की पहिली काही वर्षं वाईट जातात आणि मग हळूहळू सुधारतं, पण दरवर्षी कडेला नवीन गवत येणार आणि दरवर्षी जूनमध्ये बुडणार, म्हणजे जंतूंना दरवर्षी नवं ताट.

काही जण गाळपेर मागतायत, उघड्या जमिनीत पीक घ्यायला. त्यात खत पडेल ते पाण्यात जाईल, याची मला जास्त भीती आहे.

सरांना फोन केला आणि बॅरलचे आकडे परत वाचून दाखवले. दोन किलो गवत, दोनशे लिटर पाणी, पाच दिवसात शून्य. सर म्हणाले मे महिन्यात जिल्ह्यात हिरव्या वैरणीला काय भाव आहे माहितेय का तुला.

२२ मे

वाडीत बैठक, मामांच्या अंगणात. एकवीस घरांकडे म्हशी आहेत. वीजगृहाच्या साहेबांनी कडेचं गवत कापायला हद्दीत जायला तोंडी हो म्हटलं (नंतरची भर: दोन दिवसांनी लेखी पण दिलं). अटी दोनच ठेवल्या, कापलेलं गवत तिथं ठेवायचं नाही, एक पेंडी पण नाही, आणि मुळं उपटायची नाहीत, नाहीतर कडेची माती पावसात खाली येईल. एक वहिनी म्हणाल्या, "फुकाट वैरण मिळत्या म्हटल्यावर ठेवंल कोण तिथं?"

४ जून

दहा दिवस कापणी चालली. रोज संध्याकाळी मी आणि ज्युनिअर काठावर उभे राहून भारे मोजत होतो, प्रत्येक दहाव्या भाऱ्याचं वजन काट्यावर. एकूण १,३४० भारे, सरासरी २२ किलो, म्हणजे साडेएकोणतीस टन ओलं गवत धरणाच्या बाहेर गेलं. उत्तरेचा काठ राहिला, तिकडं उतार जास्त आहे आणि बायकांना डोक्यावर भारा घेऊन चढणं जमत नाही, तिथलं साधारण तिसरा हिस्सा गवत उभंच आहे.

आज दुपारी वळीव झाला. मामांनी काहील धुऊन पालथी घातली होती ती परत उलथून पाण्याकडेला आणून ठेवलीय. दोरीला नवीन गाठी मारल्या, दर मीटरला एक, तीस मीटरपर्यंत. दोन्ही काठांच्या समोर वेगवेगळे नमुने घ्यायचे ठरलंय, कापलेल्या काठाजवळ तीन जागा आणि न कापलेल्या काठाजवळ तीन, पाणी चढायला लागल्यापासून दर पाच दिवसांनी.